दाजींच्या शेजारी

दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझे कुणीच नव्हते. मालेगावला शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती आणि आम्हा स्पर्धकांना कपडे बदलायला शाळेचा एक वर्ग दिला होता. बाकं भिंतीला सरकवलेली, फरशीवर तेलाचे आणि रंगाचे डाग. स्टेजवर जाण्याआधी अंगात रक्त खेळावं म्हणून कुणी जोर मारत होतं, कुणी रबरी पट्टे ओढत होतं, आणि सगळेच एकमेकांकडे चोरून बघत होते. एक माणूस मात्र कोपऱ्यातल्या बाकावर चादर पांघरून डोळे मिटून बसला होता. आमच्या वजनी गटाचा पुकारा झाला तसा तो उठला आणि त्यानं चादर घडी करून बाकावर ठेवली. वर्गातली कुजबुज थांबली. माझ्या हातातून पट्टा सुटला आणि माझ्याच गालावर सपकन बसला.

स्टेजवर नंबराप्रमाणे उभं करतात. माझा नंबर नेमका त्याच्या शेजारचा. तोवर मी बऱ्याच जणांच्या शेजारी उभा राहिलो होतो, पण शेजारच्या माणसाच्या अंगाची धग आपल्याला लागते हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं पाठ फुलवून हात उघडले आणि त्याचं कोपर माझ्या छातीपुढे आलं. त्यानं मला स्पर्श केला नव्हता. तरी मी आपोआप आत सरकलो. नंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं शरीर चांगलं आहे रे. पण तू तिथे उभाच नव्हतास. तू लपला होतास."

त्यानंतर दोन वेळा मी त्यांच्याकडून हरलो आणि दोन्ही वेळा लपूनच हरलो. पुढे त्यांचं वजन वाढलं, ते वरच्या गटात गेले, आणि मला मोकळा श्वास घेता आला. मी माझ्या गटात जिंकू लागलो. नाशिकरोडला एका जिममध्ये ट्रेनर म्हणून लागलो. स्पर्धेतलं नाव हेच आमच्या धंद्याचं भांडवल. ज्याचं नाव मोठं त्याच्याकडे लोक शिकायला येतात. दाजीही हेच काम करायचे, सटाण्यात.

सटाण्याच्याच एका स्पर्धेला माझी थोरली बहीण माझ्यासोबत आली होती. ती शाळेत शिकवते. स्पर्धा संपल्यावर मला शोधत ती स्टेजच्या मागे आली, तर पायरीवर हा अवाढव्य माणूस अंगावर रंग तसाच ठेवून वर्तमानपत्राच्या कागदातली जिलेबी खात बसलेला. कितीतरी दिवसांनी गोड खायला मिळालेलं. बोटांना लागलेला पाक तो चाटत होता आणि प्रत्येक घासाला डोळे मिटत होता. ताईला हसू आलं. त्यानं डोळे उघडले, लाजून कागद पुढे केला आणि म्हणाला, "घ्या ना. एक घ्या."

वर्षभरानं आमच्या कॉलनीतल्या विहारात त्यांचं लग्न लागलं. आजूबाजूच्या चाळीतली पोरं नवरदेवाचे दंड बघायला खिडक्यांवर चढली होती. सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले माझे वडील त्यांना म्हणाले, "तुमच्या मापाचा सदरा शिवणारा शिंपी कुठला?" आणि सगळे हसले. दाजीही हसले. मी हसलो, पण ते माझ्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभे राहिले तेव्हा मी पुन्हा किंचित आत सरकलो.

लग्नानंतर ते नाशिकलाच आले. जेलरोडला फ्लॅट घेतला. घरात ते फार मऊ माणूस होते. स्वतःचं ताट स्वतः घासायचे. स्वतःच्या आईशी बोलताना त्यांच्या तोंडात अहिराणी यायची, एरवी शहरातलं बोलणं. मला ते मुद्दाम 'शालकबुवा' म्हणायचे. मी त्यांना 'दाजी' आणि 'तुम्ही'. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला हरवायचंय असं मनात आणणंसुद्धा मला अवघड जायचं. सुदैवानं गट वेगळे होते आणि लग्नानंतर आम्ही एका स्पर्धेला उतरलोही नव्हतो. त्यामुळे प्रश्न आला नाही.

मग गेल्या वर्षीची नाशिकची स्पर्धा आली. तिच्या पंधरवडाभर आधी, एका दुपारी ताईचा फोन आला. "घरी ये. बेल वाजवू नकोस, मी दार उघडं ठेवते."

मी गेलो. हॉलमध्ये दाजी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले होते, मान मागे टाकून, तोंड उघडं. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मध्येच तो थांबत होता. तो थांबला की माझाही थांबायचा. मग एकदम हिसका बसल्यासारखा तो पुन्हा सुरू व्हायचा. त्यांच्या पायांतले मोजे काढून टाकलेले होते, पण मोज्यांच्या कडांचे वळ घोट्यावर खोल रुतलेले दिसत होते. 

ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात बोलू लागली.

"आडवं झालं की दम लागतो त्यांना. म्हणून असे बसून झोपतात. परवा बाथरूममध्ये पडले. पायात गोळा आला होता. आतून कडी. मी दार वाजवतेय आणि ते आतून म्हणतायत, थांब, ओरडू नकोस, जाईल आत्ता. मी बाहेर उभी राहून नुसती ऐकत होते."

"डॉक्टरकडे गेले?"

"स्पर्धा झाल्यावर जाऊ म्हणतात. दर स्पर्धेच्या आधी हेच म्हणतात." तिनं गॅसवरचं भांडं उतरवलं. आत बिनमिठाचं चिकन उकडत होतं. "तू एक काम कर. तू त्यांना हरव."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"हरव म्हणजे?"

"मागे एकदा हसत हसत म्हणाले होते, ज्या दिवशी तुझा भाऊ मला मागे टाकेल त्या दिवशी हे सगळं बंद करीन. हसत म्हणाले, पण त्यांनी शब्द दिला की ते पाळतात, तुला माहितीय. मी सांगून ऐकत नाहीत, त्यांच्या आई सांगून ऐकत नाहीत. तू हरवलंस तर ऐकतील."

"अगं, आमचे गट वेगळे आहेत."

"शेवटी सगळ्या गटांचे विजेते एकत्र उभे करतात ना? तू तुझा गट जिंक. मग तिथे हरव."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. शाळेतल्या चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी माझी बहीण मला सोडत नव्हती. मी हो म्हणालो.  वळलो तर सोफ्यावर दाजींचे डोळे उघडे होते. ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"काय शालकबुवा," ते म्हणाले, "कधी आलात?"

त्यांनी काही ऐकलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पुढचे दिवस मी जीव तोडून मेहनत केली. पण रात्री अंथरुणावर पडलो की त्या शिट्टीसारख्या श्वासाचा आवाज कानात यायचा. त्यांच्याशी लढायची भीती जुनी होती, ती मला ओळखीची झाली होती. आता तिच्यात एक नवी मिसळली. आपण हरलो तर काय होईल, ही. आजवर मी हरलो की फार तर दोन दिवस तोंड लपवायचो. या वेळी हरलो तर ताईला काय सांगणार होतो?

स्पर्धा रविवारी होती, शहरातल्या एका बंद हॉलमध्ये, सकाळपासून दुपारपर्यंत. स्टेजमागच्या खोलीत पंखे मुद्दाम बंद ठेवले होते, अंग थंड पडू नये म्हणून. अंगाला लावायच्या तपकिरी रंगाचा वास, तेलाचा वास, घाम. माणसं बेदाणे आणि गूळ चघळत होती, पाणी कुणीच पीत नव्हतं. कातडी स्नायूंवर घट्ट बसावी म्हणून स्पर्धेआधी पाणी तोडतात. मीही तोडलं होतं. माझी जीभ टाळूला चिकटत होती.

दाजी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात चादर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी रंगाची बाटली पुढे केली.

"पाठीला लाव रे. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

मी त्यांच्या मागे उभा राहिलो. एवढी पाठ मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. आदल्या पंधरवड्यात सुजलेला तो माणूस कुठे गेला, कळत नव्हतं. अंगातलं सगळं पाणी निघून गेलं होतं. कातडी पतंगाच्या कागदासारखी पातळ, तिच्याखाली एकेक दोरा दिसत होता. त्या दिवशी हॉलमधल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की असं शरीर नाशिकनं पाहिलं नाही. मी हात ठेवला तर पाठ तापलेली आणि कोरडी. रंग पसरता पसरता माझा तळवा डाव्या बाजूला गेला आणि हाताखाली ठोका लागला. एक जोरात, मग दोन भराभर, मग काहीच नाही. मग पुन्हा एक.

"दाजी, घोटभर पाणी घ्या."

"आज पाणी पाजून मारता का शालकबुवा?" ते हसले. ओठ फुटले होते, हसताना रक्ताचा एक ठिपका आला. त्यांनी तो जिभेनं पुसला.

"मी चेष्टा करत नाहीये. तुमचे ठोके—"

"सगळ्यांचे होतात. तुझे बघ जरा." आणि मग चेहरा न वळवता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुला माझी भीती वाटते ना? पहिल्यापासून वाटते. मला माहितीय. आज तरी वाटून घेऊ नकोस. नीट उभा राहा. कुणीतरी नीट शेजारी उभं राहिलं तर मजा येते."

मी माझा गट जिंकलो. त्यांनी त्यांचा जिंकला. मग सगळ्या गटांच्या विजेत्यांना एकत्र बोलावलं. आम्ही पाच जण होतो. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी थोड्याच वेळात बाकीच्या तिघांना बाजूला उभं केलं आणि आम्हा दोघांना मध्ये घेतलं. हॉल ओरडत होता. निवेदकानं माइकवर सांगून टाकलं, "मंडळी, मेव्हणा आणि दाजी! एकाच घरातले!" मग तर शिट्ट्या थांबेनात. तिसऱ्या रांगेत ताई बसली होती. मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

दोन्ही दंड वर करून उभं राहायला सांगितलं. आम्ही हात वर केले. मी या वेळी आत सरकलो नाही. पाय रोवून उभा राहिलो, कोपर त्यांच्या कोपराला लागेल इतका. आणि म्हणूनच मला ऐकू आलं. त्यांच्या नाकातून तोच शिट्टीचा आवाज.

स्टेजवर चेहरा हसरा ठेवावा लागतो. लोकांना वाटतं आम्ही मजेत आहोत. दात दाखवून, ओठ न हलवता बोलायची सवय आम्हा सगळ्यांना असते.

"दाजी," मी तसंच हसत म्हणालो, "बस झालं. खाली उतरू."

"हस."

"तुम्हाला श्वास येत नाहीये."

"हस म्हणतो ना. बघतायत."

बाजूला वळून छाती दाखवायला सांगितलं. वळताना त्यांचा तोल गेला आणि टाच घसरली. त्यांनी ते असं सावरलं की पाहणाऱ्याला तो पवित्राच वाटावा. टाळ्या पडल्या. आता ते माझ्याकडे तोंड करून होते आणि मला त्यांचे डोळे दिसत होते. चेहऱ्याला रंग होता, त्यामुळे चेहऱ्याचं काही कळत नव्हतं, पण डोळ्यांत पांढरं जास्त दिसत होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मला बघत नव्हते.

"मी हात वर करतो. सांगतो त्यांना."

"केलास तर," ते दात दाखवत म्हणाले, "तुझं माझं तोंड बघणं बंद."

मी हात वर केला नाही. आजवर जे घडलं त्यात हा एक क्षण मला पुन्हा पुन्हा आठवतो. ते मोठे होते, दाजी होते, आणि मी त्यांना घाबरत होतो. भोवती एवढी माणसं असून त्यांच्यातल्या एकालाही काही दिसत नव्हतं. लोकांना दोन हसरे पैलवान दिसत होते.

परीक्षकांनी कागद गोळा केले. राहिलं होतं फक्त शेवटचं, संगीत लावून मोकळं सोडतात ते. त्यात ज्याला हवी ती पोझ घ्यायची, दुसऱ्याच्या पुढे जायचं, खांद्याला खांदा भिडवायचा. लोक त्यासाठीच थांबलेले असतात. ढोल वाजायला लागला. दाजी माझ्या अंगावर आले.

त्यांचा खांदा माझ्या खांद्यावर आदळला. लोक उभे राहिले. "भिडले रे भिडले!" कुणीतरी ओरडलं. "ढकल मेव्हण्याला!" मलाही आधी वाटलं ते ढकलतायत. रागानं मीही जोर लावला. मग लक्षात आलं की जोर नाहीये, नुसतं वजन आहे. सगळंच्या सगळं वजन माझ्यावर येतंय. त्यांनी मुठी कंबरेपुढे आवळल्या होत्या, मानेच्या शिरा फुगवल्या होत्या, चेहऱ्यावर हसू होतं, आणि पाय त्यांना धरत नव्हते.

खांद्याला खांदा लागलेला, त्यामुळे त्यांच्या छातीतली धडपड मला माझ्या हाडांत जाणवत होती. पिशवीत कोंडलेल्या पाखरासारखी. मी एक पाऊल मागे घेतलं असतं तर ते तोंडावर पडले असते, सगळ्यांसमोर.

"माले धर," ते म्हणाले. शहरातलं बोलणं सुटून गेलं होतं, सटाण्याच्या घरातलं आलं होतं. "माले धर भो. सोडू नको."

मी त्यांच्या काखेत हात घातला. एवढ्या वजनाच्या, तेल लावलेल्या माणसाला उभ्यानं धरून ठेवणं शक्य नव्हतं. हात निसटत होते. एकच करता येत होतं. मी माझे गुडघे वाकवले आणि त्यांना घेऊन हळूहळू खाली बसलो. माझ्याही मांड्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण आम्ही बसलो. त्यांचं डोकं माझ्या छातीवर टेकलं.

हॉल हसला. "अरे, हे काय, दोघंही बसले!" निवेदक माइकवर म्हणाला. ढोल चालूच होता. मी "डॉक्टर, डॉक्टर" ओरडत होतो आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ताईला कळलं. तिसऱ्या रांगेतून ती परीक्षकांच्या टेबलाला वळसा घालून धावत आली, चपला घालूनच स्टेजवर चढली, आणि तिनं निवेदकाच्या हातातला माइक हिसकावून घेतला. "बंद करा ते!" मग ढोल थांबला.

संयोजकांच्या गाडीतून आम्ही निघालो. मागच्या सीटवर ते मावत नव्हते. डोकं ताईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, गुडघे वर. शुद्धीवर होते, डोळे छताकडे. ताई सारखी म्हणत होती, "माझ्याकडे बघा. इकडे बघा." मी त्यांच्या पायाला हात लावून बसलो होतो. पाय गार होते.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा माझ्या अंगावर स्पर्धेची छोटी चड्डी आणि कुणीतरी फेकलेला टॉवेल. तपकिरी रंगानं आणि तेलानं मी चकाकत होतो. अपघात विभागात आईच्या कडेवर असलेलं एक पोरगं मला बघून किंचाळून रडायला लागलं. मी त्याच्या नजरेआड व्हायला खांबामागे गेलो.

तिथून मला दिसत होतं. नर्स दाजींच्या छातीवर ईसीजी काढायच्या चकत्या लावत होत्या आणि त्या चिकटत नव्हत्या. लावली की घसरायची. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला सुरुवात केली. एक बोळा तपकिरी झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. ज्या रंगाचा थर मी सकाळी इतका नीट बसवला होता तो आता निघता निघत नव्हता. "पुसा, पुसा लवकर," डॉक्टर म्हणत होत्या. त्या माझ्याच वयाच्या असतील. रंग गेला तशी खालची कातडी दिसली, राखेसारखी.

"काय काय घेतलंय यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," दाजी पडल्या पडल्या म्हणाले. "चिकन. अंडी."

"मला खोटं सांगाल तर माझा वेळ जाईल."

"खरंच काही—"

ताईनं पर्स उघडली. स्पर्धाभर जी पर्स ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्यातून तिनं गोळ्यांची पाकिटं काढली आणि एकेक करून खाटेच्या कडेला ठेवली. लघवी करवून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या, आणखी कसल्या कसल्या, एक छोटी बाटली. दाजी तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"आज सकाळीच कपाटातून काढली," ती डॉक्टरांना म्हणाली. "मला वाटलंच होतं, विचाराल."

रक्तातले क्षार पार बिघडलेत, हृदयाचा ठोका त्यामुळे चुकतोय, पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत, एवढं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांना आत नेलं. आम्ही दाराबाहेरच्या लोखंडी बाकावर बसलो. दार उघडलं की आतल्या यंत्राचा आवाज यायचा. तो आवाज सुरू आहे ना, एवढंच आम्ही ऐकत होतो. दार बंद झालं की काही कळायचं नाही. वडील कपडे घेऊन आले. मी शर्ट घातला आणि तो लगेच अंगाला चिकटला.  ताईच्या डोक्यावरून हात फिरवून वडील तिच्या पलीकडे बसले.

संध्याकाळी संयोजकांचा फोन आला. गुण आधीच दिले गेले होते, शेवटच्या संगीतातल्या पोझचे गुण धरत नाहीत. दाजी पहिले आले होते. मी दुसरा.

मी बाजूला जाऊन फोन घेतला होता, पण ताईनं माझा चेहरा वाचला.

"तेच ना?"

"हो."

तिनं भिंतीला डोकं टेकलं. "त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. मी काय करणार होतो? त्यांच्या गोळ्यांनी, त्यांच्या तहानेनं, त्या घसरलेल्या टाचेनं त्यांना जिंकवलं होतं. आता त्यांना थांबवणार कसं, हा विचार माझ्याही मनात आला आणि आत ते जगतील की नाही हे ठरायच्या आधीच आपण पुढच्या स्पर्धेला घाबरतोय, याची मला लाज वाटली.

ते जगले. दुसऱ्या दिवशी ठोका जाग्यावर आला आणि काही दिवसांनी घरी सोडलं. आम्ही निकाल लपवला खरा, पण मोबाइलच्या जमान्यात काय लपतं? कुणीतरी त्यांना व्हिडिओ पाठवला, वर अभिनंदन लिहून. त्यात मी त्यांना धरून खाली बसवतोय असं स्पष्ट दिसत होतं, आणि मागे लोकांचं हसू.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"जिंकलेल्या माणसाला तू खाली बसवलंस."

"दाजी, तुम्ही म्हणालात धर म्हणून."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात."

"मला आठवत नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. ताईनं मला खुणेनं बाहेर बोलावलं. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी गेलो की झोपेचं सोंग घ्यायचे. ताई म्हणायची, रागावलेत, पण गोळ्या डॉक्टरांच्याच घेतायत, ते महत्त्वाचं. तरी ती कपाटं तपासायची. मला माहीत आहे, कारण एकदा तिनं मलाही तपासायला लावलं होतं, ते आंघोळीला गेलेले असताना.

मग एका भर दुपारी त्यांचाच फोन आला. मी जिममध्ये होतो.

"येतोस का जरा?" आवाज बारीक होता. "तुझी ताई शाळेत गेलीय."

मी गाडी काढून धावत गेलो. दार त्यांनीच उघडलं. टी-शर्ट अंगावर लोंबत होता. मधल्या काही महिन्यांत ते किती उतरले होते ते मला उजेडात नीट दिसलं. मला वाटलं काही झालंय. झालं काहीच नव्हतं. ते परत जाऊन सोफ्यावर बसले आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली.

"एकटं बसवत नाही," ते म्हणाले.

"दुखतंय का कुठे?"

"नाही रे. मोजत बसतो." त्यांनी मनगट दाखवलं. "सकाळपासून मोजत बसतो. मोजायचं थांबलो की वाटतं, तेही थांबेल. तुझ्या ताईला सांगू नको. ती आधीच घाबरलेली असते."

मी त्यांच्या शेजारी बसलो.  ज्या माणसाला बघून माझ्या हातातला पट्टा सुटला होता तो माझ्या बाजूला बसून स्वतःच्या मनगटाला घाबरत होता. मला त्यानं धीर आला नाही. एवढं मोठं अंग जर त्यांना वाचवू शकत नसेल तर माझं काय, असं वाटलं. बोटं मनगटावरून न काढता ते म्हणाले, "मी म्हणालो असेन. धर म्हणून. म्हणालो असेन मी."

मग माझ्याकडे वळले. "तू तपासून घेतलंस का?"

"मला काय झालंय?"

"पाणी तू पण तोडत होतास. बाकीचं मला माहीत नाही आणि तू सांगणार नाहीस. तपासून घे."

मी टाळत राहिलो. पण ते सोडेनात. रोज दुपारी फोन. शेवटी एक दिवस ते स्वतःच जिमच्या दारात येऊन उभे राहिले आणि मला माझ्याच गाडीवर मागे बसून दवाखान्यात घेऊन गेले. तिथे माझ्या हृदयाची सोनोग्राफी करायची होती. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर गार जेल लावलं. डॉक्टरांनी यंत्राचा आवाज सुरू केला आणि माझ्या छातीतला आवाज खोलीभर झाला. पाण्यात कुणी चालतंय तसा. मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा तीच जागा बघत होते.  

"भिंत थोडी जाड झालीय," ते शेवटी म्हणाले. "आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. पण हे असंच चालू ठेवलंत तर पुढचं मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर मी दाजींना तेवढंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. गाडीवर बसलो. जेलरोडपर्यंत त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता.

घरी ताई शाळेतून आलेली होती. दार उघडून तिनं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या.

"कुठे गेला होतात दोघं? काय झालं? काय म्हणाले डॉक्टर?"

मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "याला बंद करायला सांगितलंय. पूर्ण."

ताई माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. मी ते तसंच राहू दिलं. खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडत राहिलो.